दोन सोडा, डॉक्टर!

खानदेशात मोठ्या खर्चाची कामं कापसाच्या पैशांवर ठरतात. घराचा स्लॅब, मुलीचं लग्न, नवी बोअरवेल आणि गेल्या काही वर्षांत टेस्ट ट्यूब बेबीचा, म्हणजे आयव्हीएफचा उपचारही. चोपडा, पारोळा, शिंदखेडा, साक्रीकडून जोडपं जळगाव-धुळ्याच्या केंद्रात पोचतं तोवर लग्नाला सहा-आठ वर्षं झालेली असतात. दोन-तीन डॉक्टर करून झालेले असतात, एखादा गंडा-दोरा बांधून झालेला असतो आणि बारशा-डोहाळजेवणांना ‘तू नको येऊ’ असं तोंडावर किंवा पाठीमागे ऐकून झालेलं असतं. मग दहा-बारा दिवस इंजेक्शनं, अंडी काढणं, पाच दिवसांची वाट आणि लॅबमधून निरोप: चार भ्रूण चांगले तयार झालेत. आता गर्भाशयात किती सोडायचे?

बहुतेकांचं उत्तर तयार असतं. ‘एकच कशाला? दोन सोडा, डॉक्टर. एक नाही राहिला तर दुसरा राहील. दोन्ही राहिले तर एका खर्चात काम झालं, पुन्हा या फेऱ्या नकोत.’ सोबत आलेली सासू दुजोरा देते, कारण तिच्या डोळ्यांसमोर राम-लक्ष्मण उभे असतात.

ही मागणी अडाणीपणाची मुळीच नाही. वर्षानुवर्षं डॉक्टरही हेच करत आले, किंबहुना तीन-तीन, चार-चार भ्रूण सोडत आले. पण गेल्या वीसेक वर्षांत जगभरचा अनुभव दुसरीकडे वळला. बाई तरुण असेल आणि भ्रूण चांगला असेल तर एका वेळी एकच सोडावा, उरलेले गोठवून ठेवावेत आणि गरज पडली तर पुढच्या पाळीत पुढचा सोडावा, असं आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आपली निम्मी आशा डॉक्टरांनी काढून घेतली. ती तशी जात नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहता येतं.

समजा, एका चांगल्या भ्रूणापासून मूल होण्याची शक्यता शंभरात ४० आहे. दोन सोडले की ती ८० होते, असा आपला सरळ हिशेब असतो. तसं होत नाही. शंभर जोडप्यांना दोन-दोन भ्रूण एकदम सोडले, तर साधारण ४८ जणींना एक मूल होईल, १६ जणींना जुळं होईल आणि ३६ जणी रिकाम्या हातांनी परततील. म्हणजे मूल झालेल्या ६४ जणी. आता त्याच शंभर जोडप्यांचे तेच दोन भ्रूण एकामागून एक सोडू. पहिल्या खेपेला ४० जणींना मूल होईल. उरलेल्या ६० जणींना काही आठवड्यांनी दुसरा भ्रूण सोडला की त्यांतल्या २४ जणींची कूस उजवेल. बेरीज पुन्हा ६४ च. जुळी जवळपास शून्य. शिवाय पहिल्याच खेपेला यश आलेल्या ४० जणींचा दुसरा भ्रूण अजून टाकीत शिल्लक आहे. दोन-तीन वर्षांनी भावंड हवं असेल तर इंजेक्शनं आणि अंडी काढणं यांतून पुन्हा जावं लागणार नाही.

हा हिशेब आदर्श आहे, प्रत्यक्षात थोडी गळती होते. गोठवताना-वितळवताना एखादा भ्रूण जातो. पहिला निवडलेला भ्रूण सगळ्यांत चांगला असतो, दुसरा त्याहून जरा डावा. तरीही फरक किती पडतो, हे स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्कमधल्या केंद्रांनी मिळून तपासलं आणि २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं. ३६ वर्षांखालच्या ६६१ स्त्रिया, प्रत्येकीकडे किमान दोन चांगले भ्रूण. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. अर्ध्या जणींना दोन एकदम, अर्ध्या जणींना एक आणि तो राहिला नाही तर गोठवलेला दुसरा. दोन एकदम सोडलेल्यांपैकी ४२.९ टक्के जणींना मूल झालं, एकेक सोडलेल्यांपैकी ३८.८ टक्के जणींना. पण झालेल्या बाळंतपणांत जुळ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३३.१ टक्के होतं आणि दुसऱ्यात अवघं ०.८. मूल होण्यात शंभरामागे चारेक जणींचा फरक, जुळ्यांत मात्र तिसऱ्या हिश्श्यावरून शंभरात एकाच्याही खाली. आणि ही गोष्ट जुन्या, संथ पद्धतीने भ्रूण गोठवायच्या काळातली. आताची गोठवण तिच्यापेक्षा पुष्कळ सरस आहे.

मग एकापेक्षा अधिक भ्रूण सोडायची रीत आलीच कुठून? गंमत अशी की या विद्येचा जन्म एकाच भ्रूणाने झाला. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली, तेव्हा तिच्या आईला कसलीही अंडी वाढवणारी इंजेक्शनं दिलेली नव्हती. पाळीतलं नैसर्गिक एकच अंडं, त्याचा एकच भ्रूण. त्यामागच्या तिघांपैकी रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं. पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी तोवर हयात नव्हते.

अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. मुखर्जींनी भ्रूण गोठवला, नंतरच्या एका पाळीत वितळवून आईच्या गर्भाशयात सोडला. आज आपण ज्या रस्त्याने परत चाललो आहोत, तो रस्ता त्यांनी तेव्हा धरला होता. पश्चिम बंगाल सरकारच्या चौकशी समितीने त्यांचं म्हणणं उडवून लावलं, त्यांची बदली झाली, परदेशात जाऊन आपलं काम मांडायला परवानगी मिळाली नाही. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं.

महाराष्ट्राचा भाग यानंतर सुरू होतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालय आणि शेजारची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रजनन संशोधन संस्था यांनी मिळून काम केलं. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा जन्मली. कागदोपत्री सिद्ध झालेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. पुढे १९९७ मध्ये आनंदकुमारांनी मुखर्जींची टिपणं वाचली आणि जाहीरपणे सांगितलं की पहिलेपणाचा मान माझ्या चमूचा नाही, कोलकात्याच्या त्या डॉक्टरांचा आहे. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात इतक्या उमदेपणाची उदाहरणं फार नाहीत.

ऐंशीच्या दशकात अंडी वाढवणारी इंजेक्शनं सर्रास झाली, एका पाळीत आठ-दहा अंडी मिळू लागली. पण लॅब कच्च्या होत्या. भ्रूण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापुढे जगवणं कठीण, गोठवले तर पुष्कळसे मरायचे. दहातली एखादी खेप यशस्वी व्हायची. मग डॉक्टरांनी नेम धरायचं सोडून मूठभर खडे मारायला सुरुवात केली. तीन सोडा, चार सोडा, एखादा लागेल. त्या काळात ते समजण्यासारखं होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतही एका वेळी तीनपेक्षा जास्त भ्रूण सोडू नयेत, अपवाद असेल तरच सोडावेत, असं होतं. म्हणजे तीन ही तेव्हा काटकसर समजली जात होती! या रीतीचं टोक अमेरिकेत दिसलं. कॅलिफोर्नियात २६ जानेवारी २००९ रोजी एका बाईला आठ मुलं झाली. डॉक्टरने एकदम बारा भ्रूण सोडले होते. २०११ मध्ये त्याचा परवाना गेला.

आता जुळ्यांचं बोलू. आपल्याकडे जुळं म्हणजे देवाची दुप्पट कृपा, आणि निसर्गाने दिलेल्या जुळ्यांना कोणी नाही म्हणावं, असं मी सुचवत नाही. पण ठरवून जुळं मागणं ही वेगळी गोष्ट. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतात, बरीचशी अडीच किलोच्या खाली. तिळं असेल तर बाळंतपण सरासरी ३२-३३ आठवड्यांवर येतं. आईला रक्तदाब वाढण्याचा आणि झटके येण्याचा धोका एका बाळाच्या गर्भारपणाच्या दोन-तीन पट. गरोदरपणातला मधुमेह, सिझेरियन, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सगळंच चढं. कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची, दूध ओढायची ताकद नाही, जंतुसंसर्ग पटकन. मेंदूला इजा होऊन हातपाय आखडण्याचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा धोका जुळ्यांत एकट्या बाळाच्या सुमारे चौपट.

एका आईवर जास्त पिलांचा भार नको, हे केळी लावणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. रावेर-यावलच्या बागेत केळीच्या खोडाभोवती चार-पाच पिलं फुटतात. शेतकरी ती विळ्याने कापत राहतो आणि निसवण झाल्यावर पीलबागेसाठी एकच जोमदार पील राखतो. सगळी राहू दिली तर आईचं खोड हटतं आणि घड भरत नाही.

खानदेशात या धोक्यांना आणखी दोन गोष्टी चिकटतात. पहिली रक्ताची. इथल्या बायांत रक्तक्षय जुनाच आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलही आहे. जुळ्यांच्या गर्भारपणात रक्ताची मागणी आणखी वाढते; साडेआठ-नऊ हिमोग्लोबिनवर सुरुवात करणारी बाई सातव्या महिन्यात कुठे पोचेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. दुसरी अंतराची. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे, दोन्ही शहरांत खासगी बालरुग्णालयं आहेत. पण एक किलोचं बाळ जन्मतं ते वेळ पाहून जन्मत नाही. रात्री दोन वाजता यावलच्या आतल्या गावात कळा सुरू झाल्या तर जळगाव गाठणं हीच पहिली परीक्षा. शिवाय बाळाला ठेवायची काचेची पेटी एक नको, दोन हव्यात. एकाच ठिकाणी दोन रिकाम्या नसल्या तर एक बाळ इथे आणि एक छत्रपती संभाजीनगरला किंवा नाशिकला, आई तिसरीकडे. खासगी नवजात कक्षात दोन बाळं तीन-चार आठवडे राहिली की ‘एका खर्चात’ हा मूळ हिशेब कुठल्या कुठे वाहून जातो. कापसाचे पैसे आयव्हीएफने संपवलेले असतात, पेटीचे पैसे सावकाराचे असतात. ‘दोन सोडा’ म्हणणाऱ्या जोडप्याला उपचाराच्या खर्चाचा कागद मिळतो. या दुसऱ्या खर्चाचा कागद त्या टेबलावर कोणीच ठेवत नाही.

एक भ्रूण सोडणं शक्य झालं ते दोन सुधारणांमुळे. पहिली, भ्रूण पाच दिवस बाहेर वाढवता येणं. तिसऱ्या दिवशी भ्रूण सहा-आठ पेशींचा असतो आणि सगळे साधारण सारखेच दिसतात. पाचव्या दिवशी, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात त्या अवस्थेत, शंभराच्या आसपास पेशी असतात. आत एक गोळा असतो, त्याचं बाळ होतं. बाहेर पेशींचं अस्तर असतं, त्याची वार होते. कमकुवत भ्रूण बहुधा तिथवर पोचतच नाहीत. त्यामुळे जे पोचले त्यांतून चांगला निवडता येतो. फाइलवर ‘४एए’, ‘४एबी’ असं लिहिलेलं दिसतं, ती ही प्रतवारी: आकडा भ्रूण किती फुलला आहे त्याचा, पहिलं अक्षर आतल्या गोळ्याचं, दुसरं अस्तराचं. हे पाच दिवस भ्रूण ३७ अंशांवर, नेमून दिलेल्या कार्बन डायऑक्साइड-ऑक्सिजनच्या हवेत राहतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बाहेरची हवा त्या इन्क्युबेटरपेक्षा आठ अंशांनी तापलेली असते. अशा ठिकाणी लॅबची वातानुकूलन यंत्रणा, हवा गाळणारे फिल्टर, वीज गेली तर क्षणात सुरू होणारी पर्यायी सोय, यांवर पुष्कळ काही अवलंबून असतं. बाहेरचा संगमरवर आणि भिंतीवरचे बाळांचे फोटो यांवरून त्याचा अंदाज येत नाही.

दुसरी सुधारणा गोठवणीची. जुन्या पद्धतीत भ्रूण हळूहळू थंड करत, तेव्हा पेशींतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होऊन पेशी फाटत. व्हिट्रिफिकेशन नावाच्या नव्या पद्धतीत पेशींतलं पाणी काढून संरक्षक द्रव भरतात आणि भ्रूण निमिषात उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. बर्फ व्हायला वेळच मिळत नाही, सगळं काचेसारखं थिजतं. चांगल्या लॅबमध्ये असे नव्वद टक्क्यांहून अधिक भ्रूण सुखरूप बाहेर येतात. ‘लाइट गेली तर आमच्या बाळांचं काय?’ हा खानदेशातला रास्त प्रश्न. तर या टाक्यांना वीज लागतच नाही. त्या दुहेरी भिंतींच्या, निर्वात पोकळीच्या असतात. नायट्रोजन हळूहळू उडतो आणि वेळेवर भरत राहावा लागतो, एवढंच. गावच्या गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या कंटेनरात ठेवतात, तंत्र तेच. गोठवणीमुळे घाई टळते, हा आणखी एक फायदा. इंजेक्शनांनी अंडाशय फार फुगलं असेल, पोटात पाणी होण्याची भीती असेल, तर त्या पाळीत काहीच न सोडता शरीर शांत होऊ देतात आणि महिना-दोन महिन्यांनी एक भ्रूण सोडतात. पीसीओडी असलेल्या बायांना हे विशेष लागू.

एक भ्रूण सोडला म्हणजे जुळं अशक्य, असंही नाही. शंभरात एक-दोनदा तो एकच भ्रूण आत गेल्यावर दुभंगतो आणि एकसारखी जुळी होतात. नातेवाईक मग डॉक्टरवर ‘चोरून दोन सोडले’ असा आळ घेतात. बिचाऱ्या डॉक्टरची त्यात काही चूक नसते.

आता अपवाद. एक भ्रूण हा नियम तरुण बाईसाठी आणि चांगल्या भ्रूणासाठी आहे. वयाबरोबर अंड्यातल्या गुणसूत्रांत चुका वाढतात. पस्तिशीच्या आत पाच दिवसांच्या भ्रूणांपैकी तिसरा हिस्सा सदोष निघतो, चाळिशीनंतर निम्म्याहून अधिक. चाळिशीच्या बाईला, किंवा चांगले भ्रूण सोडूनही दोन-तीनदा अपयश आलेल्या बाईला दोन सोडणं गैर नाही, आणि सरसकट ‘एकच’ असा हट्ट धरणारा डॉक्टरही तिच्यावर अन्याय करतो. अमेरिकेच्या प्रजनन वैद्यक संघटनेच्या सूचनांत वय वाढेल तशी भ्रूणांची मर्यादा सैल होते. युरोपच्या संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या सूचना जास्त कडक आहेत, एकाचा आग्रह आणि काही झालं तरी दोनच्या पुढे नाही. पण एक पळवाट इथे लक्षात घ्यावी. ‘एक चांगला आहे, दुसरा यथातथाच आहे, फुकट कशाला घालवायचा, तोही सोडून देऊ’ हे फार ऐकू येतं. यथातथा भ्रूणाने यशात फारशी भर पडत नाही, जुळ्यांचा धोका मात्र वाढतो. आणि दात्या स्त्रीची अंडी वापरली असतील तर वय दात्या स्त्रीचं धरायचं, गर्भ वाढवणारीचं नाही. गर्भ वाढवणारी ४५ ची असेल तर एकच भ्रूण सोडण्याची गरज उलट जास्त, कारण जुळ्यांचा भार त्या वयाच्या हृदयाला आणि रक्तदाबाला पेलायचा असतो. २०१९ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईला आयव्हीएफने जुळ्या मुली झाल्या, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी ते विक्रम म्हणून छापलं. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलं नाही.

हे सगळं कळत असूनही दोन का सोडले जातात? माझ्या मते मुख्य कारण वैद्यकीय नाहीच, पैशाचं आहे. बेल्जियमने २००३ मध्ये एक व्यवहार केला. ४३ वर्षांखालच्या बाईच्या सहा खेपांचा लॅबचा खर्च सरकार देईल, त्या बदल्यात ३६ च्या आतल्या बाईला पहिल्या खेपेला एकच भ्रूण सोडायचा. कारण साधं होतं: कमी दिवसांच्या जुळ्यांचा रुग्णालयाचा खर्चही शेवटी सरकारच भरत होतं. जुळ्यांचं प्रमाण झरझर खाली आलं. स्वीडननेही त्याच वर्षी एकाचा नियम केला. ब्रिटनमध्ये २००८ च्या सुमारास आयव्हीएफच्या बाळंतपणांपैकी जवळपास चौथा हिस्सा जुळ्यांचा होता, २०१९ पर्यंत तो ६ टक्क्यांवर आला.

आपल्याकडे प्रत्येक खेपेचा पैसा जोडप्याच्या खिशातून जातो. गोठवण्याचं वेगळं बिल, दर वर्षी साठवण्याचं वेगळं, पुढच्या वेळी सोडण्याचं वेगळं. मग माणूस एकाच फेरीत सगळं उरकू पाहणारच. केंद्रांचंही असंच. जाहिरातीत ‘यश’ म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचा आकडा येतो. पुढे ते बाळ नऊ महिने भरून घरी गेलं की पेटीत राहिलं, हा आकडा कुठल्याच फलकावर नसतो. अलीकडे दोन चांगल्या गोष्टी घडल्या आहेत. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झालं आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये सरकारी केंद्र उघडलं. खानदेशातल्या जोडप्याला यांचा उपयोग मर्यादित, कारण महिनाभर मुंबईत राहायचं तर मजुरी बुडते. धुळे किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात असं केंद्र निघालं आणि तिथे ‘गोठवण मोफत, पण एका वेळी एकच’ असा बेल्जियमसारखा सौदा झाला, तर नवजात कक्षातल्या पेट्यांवरचा ताण तरी थोडा हलका होईल. लोकप्रतिनिधींनी मागणी करण्यासारखी ही गोष्ट आहे.

कायद्याचं थोडक्यात. सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. उपचारासाठी बाई २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ या वयांतला हवा. केंद्राची नोंदणी सक्तीची आहे आणि आयव्हीएफ फक्त दुसऱ्या स्तराच्या नोंदणीचं केंद्रच करू शकतं. भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात. सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत तर स्पष्टच लिहिलं आहे की सरोगेट आईच्या गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण सोडावा, खास कारण असेल तरच तीनपर्यंत. दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या बाईसाठी जी काळजी कागदावर आली, ती स्वतःचं मूल वाढवणारीने आपणहून मागून घ्यायला काय हरकत आहे?

दोन सोडण्यामागे खानदेशात आणखी एक दबलेली इच्छा असते, आणि ती आडून न सांगता सांगितलेली बरी. दोन सोडले तर एखादा मुलगा निघेल. जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली साडेआठशेच्याही खाली होत्या, तेव्हा ही इच्छा कुठून येते ते उघड आहे. भ्रूणाचं लिंग पाहून निवड करणं हा गुन्हा आहे, गर्भाशयाबाहेरच्या भ्रूणालाही तो लागू आहे. आणि मुलगा मिळावा म्हणून आईवर जुळ्यांचं ओझं टाकण्याचं समर्थन कोणत्याच हिशेबात बसत नाही.

उपचार सुरू करणाऱ्या जोडप्याने काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. तुमच्याकडे पाचव्या दिवसापर्यंत भ्रूण वाढवता का? गोठवलेल्यांपैकी किती सुखरूप बाहेर येतात? गोठवण, साठवण आणि पुढच्या वेळी भ्रूण सोडणं यांचा खर्च पॅकेजमध्ये आहे की वेगळा? गेल्या वर्षी तुमच्याकडच्या बाळंतपणांत जुळी किती होती? एकच सोडायचा ठरवला तर तुमचा सल्ला काय, आणि दोन सुचवत असाल तर माझ्या बाबतीत नेमकं कारण काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. सासूबाईंनाही एकदा सोबत बसवून हा ६४ चा हिशेब ऐकवावा, त्यांना तो कळतो. फक्त ही चर्चा इंजेक्शनं सुरू होण्याआधी करा; भ्रूण सोडायच्या दिवशी, टेबलावर चढायच्या पाच मिनिटं आधी संमतिपत्र पुढे येतं तेव्हा नको.